पाहुण्याच्या ताटात गावचा तांदूळ : सिंधुदुर्गातील हॉटेल व निवास-न्याहारी व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हॉटेल, खानावळी, होमस्टे आणि निवास-न्याहारी केंद्रे चालवणारे सर्व व्यावसायिक बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यात भात, नाचणी आणि कुळीथ पिकवणारा शेतकरी आहे. परड्यात नारळाची आणि रातांब्याची, म्हणजे कोकमाची, काही झाडे आहेत. खानावळ चालवण्याचा मला अनुभव नाही आणि या पत्रातील विनंतीत माझ्यासारख्यांचा स्वार्थही आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. विनंती अशी की, आपण पाहुण्यांना जे जेवण वाढता त्यासाठी लागणारा तांदूळ, कडधान्य, पालेभाजी, नारळ, कोकम आणि मासळी यांचा शक्य तितका मोठा हिस्सा आपल्याच तालुक्यातून, जमल्यास आपल्याच गावातून विकत घ्यावा. आणि ही खरेदी हौसेपुरती, एखाद्या महोत्सवापुरती न ठेवता वर्षाचा अंदाज आधी बांधून करावी.

आपला जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला, शिरोडा या पट्ट्यात खोल्या वाढत गेल्या, आणि त्याच काळात किनाऱ्यापासून आत असलेल्या गावांतील भाताचे मळे पडीक पडत गेले. पर्यटनामुळे शेती मोडली असे मला म्हणायचे नाही. जमिनीचे तुकडे, सामाईक सातबारा, मुंबईला गेलेली माणसे, वेळेवर न मिळणारे मजूर आणि हातातोंडाशी आलेले पीक फस्त करणारी माकडे व रानडुकरे ही कारणे त्याहून जुनी आणि मोठी आहेत. मात्र जेथे रोज शेकडो पाने वाढली जातात तेथून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला आपले भात कोणाला विकावे हा प्रश्न पडावा, ही स्थिती बदलणे आपल्या आणि आमच्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.

सध्या बहुतेक ठिकाणच्या ताटात काय असते ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. भात बाहेरच्या कोलमचा किंवा बासमती तुकड्याचा असतो, भाजी बेळगाव-कोल्हापूरहून रात्री निघालेल्या गाडीतली असते, आणि शाकाहारी पाहुण्यासाठी पनीर ठरलेले असते. दुधाच्या बाबतीत आपला जिल्हा मुळातच घाटावर अवलंबून असल्यामुळे ते पनीरही बाहेरचेच असते. मासळीच्या ताटात सुरमई आणि पापलेट बाराही महिने असलेच पाहिजेत, असा एक समज रुजला आहे. पाहुणा समुद्र पाहायला कोकणात येतो, पण जेवतो ते पुण्यात किंवा बेळगावातही मिळाले असते असे. त्यात आपला दोष किती आणि पाहुण्याच्या मागणीचा किती, या वादात मी शिरत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो हंगामांचा मेळ. आमच्याकडे भात आणि नाचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणीला येतात, म्हणजे नेमका दिवाळीच्या सुट्टीत आपला हंगाम सुरू होतो तेव्हा. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर कुळीथ, चवळी, वाल आणि भुईमूग पेरले जातात; विहिरीला पाणी असेल तेथे लाल माठ, मुळा, वांगी, मिरची होते, आणि ही भाजी डिसेंबर-जानेवारीच्या गर्दीत भरात असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर आणि फणसाची कोवळी कुयरी मिळते, कुळीथ मळून घरात येतो. एप्रिल-मेमध्ये आंबा, रातांबे, करवंदे आणि पिका फणस येतात, आणि तेव्हाच आपल्याकडे शाळेच्या सुट्टीची सर्वांत मोठी गर्दी असते. पर्यटनाचा आणि पिकांचा हंगाम इतका जुळून येणारे प्रदेश फार नसतील. ज्या भागात बर्फ पडतो तेथील हॉटेलवाल्याने हिवाळ्यात स्थानिक भाजी कोठून आणावी हा खरोखर अवघड प्रश्न असतो. आपल्यापुढे तो नाही.

तांदळाचा हिशेब थोडा सविस्तर मांडतो, कारण सगळ्यात जास्त नकार तेथेच ऐकायला मिळतो. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. उकड्या तांदळाचा उतारा सरकारी हिशेबात ६८ टक्के, म्हणजे शंभर किलो भातामागे ६८ किलो तांदूळ, धरतात. म्हणजे भात हमीभावाने घेतले तरी नुसत्या दाण्याचीच किंमत किलोला सुमारे ३५ रुपये पडते. त्यावर भात भिजवणे, उकडणे, वाळवणे, गिरणीचा खर्च आणि वाहतूक येते. वालय, सोरटी यांसारख्या लाल जुन्या वाणांचे उत्पन्न सुधारित वाणांपेक्षा कमी, त्यामुळे ते आणखी महाग पडतात. समजा, आज आपण घेता त्यापेक्षा गावचा तांदूळ किलोमागे ३० रुपयांनी महाग पडला. एका माणसाच्या जेवणाला १५० ग्रॅम तांदूळ धरला, तर वाढीव खर्च साडेचार रुपये होतो. काही शे रुपयांच्या मासळीच्या ताटात हे साडेचार रुपये कोठे सामावतील, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

हाच हिशेब उलट्या बाजूने पाहू. दहा खोल्यांच्या एखाद्या निवासात वर्षातले १५० दिवस रोज २० माणसे दोन वेळा जेवली, तर सुमारे ९०० किलो तांदूळ लागतो. त्यासाठी सव्वातेरा क्विंटल भात हवे. एकराला दहा ते बारा क्विंटल भात धरले, तर हे सव्वा एकराच्या आसपासचे उत्पन्न झाले. आमच्या गावांत एका घराच्या वाट्याला दहा-बारा गुंठे शेत असणे सामान्य आहे. म्हणजे आपले एक स्वयंपाकघर चार-पाच घरांचे मळे पडीक होण्यापासून वाचवू शकते. मळा लागवडीखाली राहिला की बांध सांभाळला जातो आणि पावसाचे पाणी खाचरात थांबते. गावातली भातगिरणी चालू राहते, आणि पावसाळ्यात येणाऱ्या ज्या पाहुण्याला आपण हिरवीगार शेते दाखवता, ती शेतेही उरतात. ही हिरवळ कोणी तरी गुडघाभर चिखलात उभे राहून लावलेली असते, याचा उल्लेख मात्र पर्यटनाच्या जाहिरातीत सहसा नसतो.

आहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हा सौदा तोट्याचा नाही. भात उकडताना कोंड्यातील ब गटातील जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्यात आत शिरतो, त्यामुळे कांडून पांढऱ्या केलेल्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा उकड्यात ती अधिक टिकतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतके दुसऱ्या कोणत्याही रोजच्या तृणधान्यात मिळत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा शहरांतल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आणि शेवया आल्या. आपल्या न्याहारीच्या टेबलावर मात्र अजून पांढरा पाव आणि उपमाच दिसतो. घावणे, आंबोळी, नाचणीची भाकरी, खोबऱ्याची चटणी, लहान मुलांसाठी नाचणीचे गोड आंबील, आणि ज्याला चालेल त्याला उकड्या तांदळाची पेज व सोबत लोणच्याची फोड, एवढी न्याहारी वाढणाऱ्या घरात पाहुणे पुन्हा पुन्हा येतात, हे आपल्यातल्याच काही भगिनींनी दाखवून दिले आहे. कुळथाची पिठी हे तर गरिबाघरचे जेवण म्हणून आपण स्वतःच लपवून ठेवतो. लसणीची फोडणी दिलेली गरम पिठी आणि भात पुण्या-मुंबईच्या माणसाला वाढायला संकोच का वाटावा, हे मला समजलेले नाही.

मासळीबद्दल लिहिताना मला थोडे जपून लिहावे लागेल, कारण मी मच्छीमार नाही. तरीही बाजारात जे दिसते ते असे की, पाहुणा फक्त सुरमई, पापलेट आणि कोळंबी मागतो, म्हणून आपण तेवढीच घेता. स्थानिक बोटींना ती पुरेशी मिळाली नाही की बर्फातली बाहेरून मागवता. त्याच दिवशी रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, किंवा लहान होड्यांच्या जाळ्यात मिळालेले बांगडे, तारल्या, पेडवे, मुडदुसे, सौंदाळे मात्र पडत्या भावाने जातात. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात, आणि ताज्या बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीपुढे आठवडाभर बर्फात राहिलेल्या सुरमईची तुकडी फिकी पडते, यावर तरी आपल्यात मतभेद नसावेत. माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणणारी राज्याची अधिसूचना फेब्रुवारी २०१६ मध्ये निघाली आणि प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. या दोन्हींसाठी आणि नंतर त्यांच्या अंमलबजावणीसाठी आपल्या किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. त्यांना खरा आधार हवा असेल, तर त्यांच्या जाळ्यात जे येते ते विकत घेणारे गिऱ्हाईक हवे.

२०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, म्हणजे त्याहून लहान मासा पकडायचा नाही. तळहातावर मावणारी पापलेटे ताटात मांडून त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या खानावळींनी हा नियम एकदा वाचावा. आपण लहान मासा घेणे बंद केले, तर तो पकडण्यातला फायदाही संपेल. पावसाळ्याचा प्रश्नही असाच आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. या काळात आलेल्या पाहुण्याला 'आज मासे नाहीत' हे सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सुके बांगडे, सुकट, सोडे, खाडीत मिळतील तेवढे खुबे आणि तिसरे हे शिंपले यांवर ताट सजवता येते, आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या मदतीने काही गटांनी केलेल्या खेकडा व कालवपालनाकडेही पाहता येते. मात्र मृगाच्या पहिल्या पावसात नदी-ओहोळांत चढणारे मासे ही पार्टीची गोष्ट म्हणून जाहिरातीत येऊ लागली आहे, ती थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे. ते मासे अंडी घालण्यासाठीच वर चढतात.

पावसाळ्यातील शाकाहारी ताटासाठी तर बाजारात जाण्याचीही गरज उरत नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू, शेवग्याचा पाला, कुड्याची फुले घेऊन आसपासच्या गावांतील बाया मालवणच्या सोमवारच्या किंवा कुडाळच्या बुधवारच्या आठवडा बाजारात बसतात. रानअळंबी तेवढी ओळखीच्या आणि जाणत्या बाईकडूनच घ्यावी, बाकी भाज्यांना भीती नाही. या बाया एसटीने येतात, दुपारची गाडी चुकू नये म्हणून उरलेली जुडी मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. आपल्यापैकी एखाद्याने आठवड्यातून दोनदा तिच्या वाडीवर गाडी पाठवून सगळी भाजी एकदम उचलली, तर तिचा दिवस वाचेल, एसटीचे भाडे वाचेल, आणि आपल्याला सकाळी खुडलेली भाजी त्याच दुपारी शिजवता येईल. पालेभाजी खुडल्यापासून तिच्यातले क जीवनसत्त्व झपाट्याने कमी होत जाते, त्यामुळे अशा भाजीचा ताजेपणा केवळ चवीपुरता नसतो.

कोकम, काजू आणि आंबा या तीन गोष्टींची आपण सर्वांत जास्त जाहिरात करतो, आणि फसवणूकही याच तिन्हींत सर्वांत जास्त होते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण रातांबे पिकतात ते एप्रिलअखेरपासून मेपर्यंत, आणि वळवाचा पाऊस लवकर आला की परसातल्या झाडांखाली त्यांचा सडा पडून कुजतो. ते वेळेत गोळा करून आमसुले, आगळ (खारवलेला रस) आणि सरबत करायला हातही पुरत नाहीत आणि हुकमी गिऱ्हाईकही नसते. आगळ आणि आमसूल हे वर्षभर टिकणारे पदार्थ आहेत. आपण मे महिन्यातच वर्षाची गरज सांगून गावातल्या बचतगटाकडे आगाऊ रक्कम दिली, तर कृत्रिम रंग घातलेली सोलकढी वाढण्याची वेळ कोणावर येणार नाही, आणि जेवणाबरोबर कोला पेयाऐवजी अमृतकोकम मागणारा पाहुणाही तयार होईल. काजूचे पाहा. वेंगुर्ल्याच्या काजूलाही मानांकन आहे आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती देशभर लावल्या गेल्या. तरीही देशातला काजूप्रक्रिया उद्योग आफ्रिकी देशांतून आणलेल्या कच्च्या काजूबियांवर मोठ्या प्रमाणात चालतो, आणि 'मालवणी काजू' म्हणून पाहुण्याने नेलेली पिशवी मुळात कोठल्या झाडाची आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळापुरते आहे. तरी परराज्यातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकला जातो. ही भेसळ ओळखणारा माणूस तयार करायचा असेल, तर त्याने खरे फळ खाल्लेले असले पाहिजे, आणि ते त्याला आपल्या टेबलावरच खाता येईल.

आता आपल्या अडचणींकडे येतो. पुरवठा नियमित नसतो, माल एकसारखा नसतो, तांदळात खडे निघतात, शेतकरी शब्द देऊन ऐन वेळी दुसऱ्याला विकतो, बिल मिळत नाही; या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. त्यातल्या निम्म्या आमच्या बाजूने सुटायला हव्यात. निवडणे-टिपणे, वजनाची चोख पिशवी, तारखेची चिठ्ठी आणि ठरलेल्या भावाला चिकटून राहणे एवढे शिस्तीने करणे आम्हाला अशक्य नाही. 'उमेद' अभियान आणि 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचतगटांतील अनेक महिला ते करतही आहेत. एकट्या शेतकऱ्याशी व्यवहार करण्याऐवजी पाच-सहा निवास चालकांनी मिळून एका गटाशी वर्षाचा करार केला, तर कमी-जास्त माल आपसात वाटून घेता येईल. आमचे आपल्याकडे एक मागणे मात्र आग्रहाचे आहे: पैसे उधारीवर ठेवू नयेत. घाऊक व्यापारी महिनाभर थांबू शकतो, कारण त्याचे भांडवल मोठे असते. दोन टोपल्या भाजी आणणाऱ्या बाईला त्याच दिवशी पैसे मिळाले नाहीत, तर पुढच्या वेळी ती येत नाही, आणि मग पुरवठा अनियमित असल्याचा ठपका तिच्यावरच येतो.

दुसरी अडचण पाहुण्याच्या आवडीची. गुजरातहून किंवा विदर्भातून आलेल्या शाकाहारी कुटुंबाला मासळीच्या गावात पनीरशिवाय काय द्यावे, असे विचारले जाते. फणसाच्या कुयरीची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, केळफुलाची भाजी, नीरफणसाची तळलेली कापे, चवळीची आमटी, वालाची उसळ, तवसाचे (मोठ्या काकडीचे) धोंडस, नारळाच्या रसातले शिरवाळे, खतखते ही नावे मी आठवतील तशी लिहिली. आपल्या आई-आजीला विचारल्यास यादी दुप्पट होईल. पनीर काढून टाका असे मी म्हणत नाही. ते फलकाच्या तळाशी असू द्यावे, आणि वरच्या चार ओळी त्या महिन्यात गावात जे मिळते त्याला द्याव्यात. पदार्थाच्या पुढे गावाचे नाव लिहिता आले तर उत्तम, फक्त ते नाव खरे असले पाहिजे.

येथे दोन गोष्टी मुद्दाम स्पष्ट करतो, कारण स्थानिक अन्नाच्या प्रचारात त्यांवर अतिशयोक्ती फार होते. एक म्हणजे, स्थानिक माल म्हणजे आपोआप रसायनमुक्त माल नव्हे. आमच्या आंबाबागांत लवकर मोहोर आणणारे कल्टार हे रसायनही वापरले जाते आणि फवारण्याही होतात. फरक इतकाच की, शेजारच्या बागेत काय फवारले आणि केव्हा, हे आपण जाऊन विचारू शकता, पाहू शकता. दूरच्या मंडईतून आलेल्या पेटीबद्दल ते शक्य नसते. दुसरे म्हणजे, वाहतुकीचा धूर वाचतो हा मुद्दा मी फार ताणणार नाही. अन्नामुळे होणाऱ्या एकूण प्रदूषणात वाहतुकीपेक्षा उत्पादनाचा वाटा सहसा बराच मोठा असतो, आणि भरलेल्या ट्रकमधून आलेल्या कांद्याच्या प्रत्येक किलोमागे जळणारे डिझेल थोडेच असते. कांदा, बटाटा, तूरडाळ, गहू, साखर आपल्याकडे होत नाही; ती घाटावरून यावी आणि घाटावरच्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळावेत. मी बोलतो आहे ते जे येथे पिकते आणि तरीही बाहेरून आणले जाते, त्याबद्दल.

अशा परावलंबनाची किंमत एरवी कळत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि शेजारच्या गोव्याच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा बेळगावहून येणारी भाजी थांबून तेथे काही दिवस भाजीची मोठी टंचाई झाली. आपल्याकडेही करूळ, फोंडा किंवा आंबोली घाटात दरड आली की दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा आणि कोथिंबिरीचा भाव काय होतो, हे बाजारहाट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशाने आपल्या पाहुण्यासाठी माठाची जुडीही घाटापलीकडून आणावी, ही केवळ भावाची गोष्ट नाही. आणि पैशाचे म्हणाल, तर गावच्या तांदळाला दिलेल्या रुपयातून कापणीच्या मजुराला, गिरणीवाल्याला, गाडीवाल्याला काही ना काही मिळते, आणि त्यातला काही भाग संध्याकाळी मासे विकणाऱ्या बाईच्या टोपलीत जातो. घाऊक बाजारातून आलेल्या पोत्याचा पैसा त्याच दिवशी जिल्ह्याबाहेर जातो. पर्यटनामुळे गावात पैसा येतो, असे आपण ग्रामसभेत नेहमी सांगता. तो गावात किती दिवस राहतो, हे आपल्या खरेदीवर ठरते.

शेवटी कामाचे. आमची पेरणी मृग नक्षत्रात, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि कोणते बियाणे किती जमिनीत टाकायचे हे त्याआधी ठरते. एकदा सुधारित पांढऱ्या वाणाच्या रोपांचा तरवा टाकला की त्या वर्षी वालय किंवा सोरटी मागून उपयोग नसतो. म्हणून मेअखेरपर्यंत आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावच्या शेतकरी गटाला किंवा महिला बचतगटाला एका कागदावर लिहून द्यावे: नोव्हेंबर ते मे या काळात आपल्याला किती किलो उकडा तांदूळ लागेल, त्यातला लाल किती, नाचणी किती, कुळीथ आणि चवळी किती, रोजचे नारळ किती, आणि आगळाच्या व आमसुलाच्या बरण्या किती, त्यापुढे आपण देऊ शकाल तो भाव लिहावा, आणि तो आम्हाला परवडत नसेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगू. ठरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा आगाऊ मिळाला, तर बियाणे, नांगरणी आणि माकडांपासून राखण यांचा खर्च भागतो. पहिल्या वर्षी आपल्या गरजेचा एक चतुर्थांश माल आमच्याकडून घेतलात तरी पुरे. तेवढ्याने कोणाचेही स्वयंपाकघर अडणार नाही आणि उरलेल्यासाठी आपला नेहमीचा व्यापारी आहेच. ज्यांना आधी माल पाहायचा असेल, त्यांच्याकडे गटामार्फत दोन-दोन किलो तांदूळ आणि नाचणी नमुना म्हणून पोहोचवण्याची आमची तयारी आहे. तो आपल्या स्वयंपाक्याने शिजवून पाहावा, पाहुण्यांना वाढावा, आणि खडा निघाला तर तेही कळवावे.

आपला,
कुडाळ तालुक्यातील एक शेतकरी